मुलाची खोली: नान्नी मोरेत्तीच्या सिनेमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं तरुण मूल अचानक गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं, यावर मी जे सिनेमे पाहिले त्यांत ‘ला स्तान्त्सा देल फील्यो’ मला सगळ्यांत खरा वाटतो. नावाचा अर्थ ‘मुलाची खोली’. गेली बरीच वर्षं मी तो मित्रमंडळींना, नातेवाइकांना आग्रहाने दाखवत आलो आहे. सिनेमा संपला की थोडा वेळ कोणी बोलत नाही, मग चहा होतो आणि एकेक प्रश्न यायला लागतो. बहुतेक प्रश्न तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र मांडले आहेत. सुरुवातीच्या प्रश्नांत कथेचा फारसा उलगडा होत नाही. कुठे थांबायचं ते पुढे सांगितलं आहे.

हा सिनेमा कोणाचा आणि कधीचा?

दिग्दर्शक नान्नी मोरेत्ती. सिनेमा २००१ सालचा, इटालियन भाषेतला, लांबी साधारण शंभर मिनिटं. पटकथा मोरेत्ती, लिंदा फेर्री आणि हाइड्रुन श्लेफ या तिघांनी मिळून लिहिली. वडिलांची, म्हणजे जोव्हान्नीची भूमिका स्वतः मोरेत्तीनेच केली आहे. आई पाओला झाली आहे लाउरा मोरान्ते, मुलगी इरेने जॅस्मिन त्रिंका आणि मुलगा आंद्रेआ जुझेप्पे सान्फेलिचे. त्रिंकाचा हा पहिलाच सिनेमा होता, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. संगीत निकोला पियोव्हानी यांचं.

२००१ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात याला सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, मिळाला. त्याआधी हा मान इटलीकडे गेला होता तो १९७८ मध्ये, एर्मान्नो ओल्मी यांच्या शेतकरी जीवनावरच्या सिनेमाला. मध्ये तब्बल तेवीस वर्षं गेली होती.

शेवट न फोडता कथा सांगता येईल का?

समुद्रकाठच्या एका शहरात चौघांचं कुटुंब राहतं. वडील मनोविश्लेषक आहेत, आईचं स्वतःचं काम आहे, दोन मुलं शाळेत जाणारी. घर सुखी आहे. सकाळी सगळे एकत्र नाश्ता करतात, मुलीच्या बास्केटबॉलच्या मॅचला जातात, गाडीत बसले की गाणी म्हणतात. एका रविवारी मुलगा मित्रांबरोबर समुद्रात डायव्हिंगला जातो आणि परत येत नाही. सिनेमाचा उरलेला भाग म्हणजे त्यानंतरचे दिवस. खून नाही, रहस्य नाही, कोर्ट नाही.

आंद्रेआ हे तर मुलीचं नाव ना?

इटलीत ते मुलाचं नाव आहे.

ते शहर कुठलं?

आंकोना. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राला लागून असलेलं बंदर आणि मार्के प्रांताची राजधानी. किनारा इथे कोपरासारखा वळतो, आणि प्राचीन ग्रीकांनी ‘कोपर’ याच अर्थाच्या शब्दावरून गावाला नाव दिलं. क्रोएशिया आणि ग्रीसला जाणाऱ्या मोठ्या बोटी इथून सुटतात. पहिल्याच दृश्यात जोव्हान्नी याच बंदरावर सकाळचा धावत असतो, मागे क्रेन आणि जहाजं दिसतात.

पर्यटकांच्या पोस्टकार्डातली इटली इथे नाही. ना रोमचे भग्नावशेष, ना व्हेनिसचे कालवे. एक मध्यम आकाराचं, कामधंद्याचं शहर, ज्यात डॉक्टर, शाळा, दुकानदार सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. दुःख कोसळतं तेव्हा त्या घराला लपायला जागा नसते, त्यामुळे ही निवड मला फार नेमकी वाटते.

सुरुवातीलाच ‘हरे कृष्ण’ म्हणत नाचणारी माणसं कुठून आली?

आपल्याकडच्या प्रत्येक प्रेक्षकाचा हा प्रश्न असतो, आणि चेहऱ्यावर ओळखीचं हसूही असतं. धावून झाल्यावर जोव्हान्नी एका बारमध्ये कॉफी प्यायला थांबतो. रस्त्यावरून भगव्या वस्त्रांतली, गात-नाचत जाणारी एक टोळी येते. युरोपातल्या बऱ्याच शहरांत असे कृष्णभक्त रस्त्यावर कीर्तन करत फिरतात, त्यामुळे आंकोनात ते दिसावेत यात काही बनवाबनवी नाही. जोव्हान्नी बाहेर येऊन त्यांच्याकडे बघत राहतो, त्यांच्या तालात थोडा ओढला जातो.

हे दृश्य का ठेवलं असेल? मला वाटतं, या माणसाला आपण एकदाच पूर्ण मोकळा बघावा म्हणून. अनोळखी लोकांचा निर्हेतुक आनंद बघून तोही सुखावतो. पुढे तासभर तसा चेहरा परत दिसत नाही.

फार रडवतो का? घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर पाहावा का?

रडवण्यासाठी तो काही करत नाही, म्हणूनच रडू येतं. संगीत उंच चढत नाही, कोणी छाती पिटत नाही. पाओलाचा पलंगावर पडून फोडलेला एक आक्रोश आहे, तेवढाच मोठा आवाज. तो मात्र ऐकवत नाही.

नुकतंच कोणी गेलं असेल, तर माझं म्हणणं, थांबा. शवपेटीचा एक प्रसंग आहे, तो ताज्या जखमेवर सोसणार नाही. वर्ष-दोन वर्षं गेल्यावर पाहिलेल्यांनी मात्र मला सांगितलंय की त्यांना बरं वाटलं, कारण आपल्याला जे झालं त्याला कोणीतरी नीट बघितलंय असं वाटलं. लहान मुलांना घेऊन बसू नका. एक रुग्ण आपल्या लैंगिक व्यसनाबद्दल उघड बोलतो. पंधरा-सोळाच्या पुढच्या मुलांबरोबर जरूर पाहा.

यापुढचे प्रश्न सिनेमा पाहिलेल्यांसाठी. पाहायचा असेल तर इथे थांबा.

मुलाचा अपघात दाखवलाच नाही. असं का?

दाखवला नाही, पण त्याआधीची काही मिनिटं पुन्हा बघा. चौघंही चार ठिकाणी आहेत. पाओला जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडते आहे, तिथे पळणारा चोर तिला धक्का देऊन जातो. इरेने मित्रमैत्रिणींबरोबर स्कूटरवर आहे, त्यांचा चालता चालता दंगा चालला आहे. जोव्हान्नी गाडीतून रुग्णाकडे निघालाय आणि समोरून ट्रक येतो. आंद्रेआ मित्रांबरोबर बोटीवर हसतोय. धोका चौघांच्याही जवळून जातो. तिघांना सोडून देतो.

पाण्याखालचा एकही क्षण न दाखवण्यात मोठा विचार आहे. घरच्यांनी तो पाहिलेला नाही. त्यांना कळतं ते इतकंच, की तो पाण्याखालच्या एका गुहेत शिरला आणि बाहेर आला नाही. बाकी सगळं त्यांना कल्पनेने भरायचं आहे, आणि आपल्यालाही.

मग इरेनेला कसं सांगितलं जातं?

ती बास्केटबॉलच्या सरावात आहे. वडील जिमच्या दारात येऊन उभे राहतात. ती खेळता खेळता त्यांना बघते, आणि या वेळी बाबा इथे कसे, एवढ्यावरून तिचा चेहरा हळूहळू उतरत जातो. शब्द नंतर येतात. ज्यांच्या घरी असा निरोप आलाय ते सांगतील, निरोप ऐकण्याआधीच कळलेलं असतं.

त्या रविवारी चूक कोणाची?

सगळ्यांत जास्त वेळ आम्ही याच प्रश्नावर बसतो. घडतं ते असं. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर जोव्हान्नी मुलाला म्हणतो, चल, आज दोघं धावायला जाऊ. मुलगा तयार होतो. तेवढ्यात फोन वाजतो. ऑस्कर नावाचा रुग्ण आहे, घाबरलेला. फुप्फुसात काहीतरी निघालंय, आत्ता भेटायला या म्हणतो. ऑस्कर शहराबाहेर राहतो. जोव्हान्नी जातो. मुलगा मग मित्रांबरोबर समुद्रावर जातो.

पुढे जोव्हान्नी त्या सकाळकडे परत परत जातो. त्याच्या डोक्यात ती सकाळ वेगळी घडते. फोनवर तो ऑस्करला ‘उद्या भेटू’ म्हणतो, बूट घालतो, आणि बाप-लेक धावत सुटतात. मोरेत्ती हे स्वप्नासारखं धूसर करून दाखवत नाही. अगदी खऱ्या दृश्यांसारखं, त्याच उजेडात दाखवतो. क्षणभर आपणही फसतो. घरी तो सीडीवरचा संगीताचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकतो, तेही हेच. डायव्हिंगच्या सामानात दोष होता का, याचा तो शोध घेतो, कारण सामानात दोष निघाला तर दोष त्याच्याकडून दुसरीकडे जाईल.

माझ्या आजोळच्या गावी शेजारच्या घरातला मुलगा एका टेम्पोमुळे मोटारसायकलवरून पडून गेला. त्याचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यानंतर कित्येक महिने ओटीवर बसून येईल त्याला एकच सांगायचे: ‘मी त्याला म्हटलं होतं, जेवून जा. थांबला असता तर दहा मिनिटं गेली असती.’ त्या दहा मिनिटांत तो टेम्पो पुढे निघून गेला असता, असा त्यांचा हिशोब होता. लोक ‘नशिबात होतं’ म्हणायचे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि पुढचा माणूस आला की पुन्हा दहा मिनिटांवर यायचे. जोव्हान्नीला फोन उचलताना पाहिलं की मला ते आठवतात.

चूक कोणाचीच नाही, हे सिनेमा पहिल्यापासून जाणतो. पण जोव्हान्नीला ते सांगून उपयोग नाही. चूक कोणाचीच नसेल, तर मग त्याच्या हातात काहीच नव्हतं, आणि ते मान्य करणं त्याला अपराधापेक्षाही जड जातं.

शवपेटी बंद करण्याचा प्रसंग इतका लांब का? आणि ते वेल्डिंग कसलं करतात?

आपल्याकडे दहन असतं, त्यामुळे हा प्रसंग अनेकांना कळत नाही. इटलीत शव जमिनीत न पुरता दफनभूमीतल्या भिंतीच्या कप्प्यात ठेवायचं असेल, तर पेटी दुहेरी असावी असा नियम आहे: बाहेर लाकडाची, आत धातूची, बहुधा जस्ताची. आतली पेटी हवाबंद करण्यासाठी तिचं झाकण डाग देऊन जोडतात. मग वर लाकडाचं झाकण बसवून स्क्रू मारतात. हे काम करणारी माणसं ते रोज करतात, आणि दुसऱ्या कोणत्याही कारागिराप्रमाणे नीट, न बोलता करतात.

मोरेत्ती हे सगळं दाखवतो. घरचे शेवटचं बघून घेतात. झाकण येतं. ज्योतीचा फर्रर्र आवाज, कडेने सरकत जाणारा डाग, आणि त्यानंतर एकेक स्क्रू फिरवणाऱ्या यंत्राचा आवाज. प्रत्येक स्क्रूला तो आवाज सुरू होतो आणि थांबतो, पुन्हा सुरू होतो. संगीत नाही.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं होतं, हे कापता आलं असतं. आता वाटतं, अख्खा सिनेमा याच आवाजावर उभा आहे. आपल्याकडे चितेला अग्नी दिला की लोक मागे न बघता परत फिरतात. तिथे ही माणसं उभी राहून झाकण बंद होताना ऐकतात. मूल परत येणार नाही हे डोक्याला कळलेलं असतं. ते कानाला कळतं तेव्हाचा हा प्रसंग आहे.

आंद्रेआने शाळेतून नेमकं काय चोरलं होतं?

अमोनाइटचा जीवाश्म. समुद्रात राहणाऱ्या, करोडो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या प्राण्याचं गुंडाळीसारखं कवच. आपल्याला हा प्राणी ओळखीचा आहे: देवघरातल्या शाळिग्रामात जी चक्रं दिसतात ती याच अमोनाइटची.

शाळेच्या प्रयोगशाळेतून तो नाहीसा होतो, आंद्रेआवर आणि त्याच्या मित्रावर आळ येतो, वडिलांना शाळेत बोलावलं जातं. मुलगा कानावर हात ठेवतो, वडील त्याच्या बाजूने उभे राहतात. नंतर तो आईजवळ कबूल करतो की घेतला होता, गंमत म्हणून, आणि परत ठेवायच्या आधी फुटला.

अनेकांना हा भाग सोडून दिला तरी चालला असता असं वाटतं. मला तसं वाटत नाही. हे आई-वडील प्रेमळ आहेत, मुलांशी बोलतात, तरी मुलाच्या आयुष्याचा एक कप्पा त्यांना ठाऊक नाही. त्याचं टेनिस बघायला वडील जातात, तेव्हा हरताना त्याला फारसं काही वाटलेलं दिसत नाही, आणि जोव्हान्नीला त्याचंही कोडं पडतं. मुलगा जिवंत असताना ही कोडी साधी असतात, आज ना उद्या सुटतील अशी. अपघातानंतर ती तशीच राहून जातात. हे धरून ठेवा, पुढे आरिआन्ना या मुलीचा प्रश्न आला की लागेल.

चर्चमध्ये जोव्हान्नी एवढा का चिडतो?

पाद्री प्रवचनात बायबलमधलं वचन घेतो: चोर रात्री कोणत्या वेळी येणार हे घरधन्याला ठाऊक असतं, तर त्याने आपलं घर फोडू दिलं नसतं. मतलब असा, की देवाची योजना आपल्याला कळत नाही. जोव्हान्नी घरी येऊन या वाक्यावर तुटून पडतो. ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस ‘मला आधी कळलं असतं तर’ चाललंय, त्याला नेमकं हेच वाक्य ऐकवलं जातं.

पाद्री वाईट माणूस नाही, सिनेमा त्याला वाईट दाखवतही नाही. आपल्याकडे भेटायला येणारे ‘देवाला आवडला’ म्हणतात, तेही वाईट हेतूने म्हणत नाहीत.

इतकं प्रेमाचं घर, मग सगळे एकमेकांपासून तुटतात का?

कारण तिघांचं दुःख तीन तऱ्हेचं आहे. पाओलाला रडायचं आहे आणि मुलाबद्दल बोलायचं आहे. जोव्हान्नीला तो रविवार बदलायचा आहे. इरेने कोवळी आहे. ती आई-वडिलांना सांभाळते, शाळेत जाते, खेळते, आणि एके दिवशी मॅचमध्ये भांडण काढून मारामारीवर येते. तिचं दुःख तिथे बाहेर पडतं.

एका प्रसंगात जोव्हान्नी स्वयंपाकघरात उभा राहून भांडी बघतो. या घरातली प्रत्येक वस्तू तडकलेली, टवके गेलेली, चिकटवलेली आहे, असं तो म्हणतो. हातात एक चहाची किटली आहे. तिला तडा गेलेला, पण लागलेली बाजू मागे वळवून ठेवली की दिसत नाही. रोज ती तशीच वापरली जात होती. आता मात्र तो ती फोडून टाकतो. बहुतेक घरांत असा एखादा कप असतोच, कान तुटलेला, तरी टाकवत नाही. त्या कपाकडे सुखाच्या दिवसांत कोणी बघतही नाही.

जत्रेतला प्रसंगही असाच. जोव्हान्नी रात्री एकटा पाळण्यांत बसतो. पिंजऱ्यासारखा पाळणा त्याला उलटासुलटा फिरवतो, आजूबाजूला लोक आनंदाने किंचाळतात. त्याचा चेहरा जराही हलत नाही.

शोकात माणसं जवळ येतात असं आपण धरून चालतो. हा सिनेमा सांगतो की बऱ्याचदा ती एकाच घरात असून लांब जातात, आणि त्यात प्रेमाची कमतरता नसते.

जोव्हान्नी काम का सोडतो? डॉक्टरने स्वतःला सावरायला नको होतं का?

त्याचा दवाखाना घराला लागूनच आहे, एका दारापलीकडे. सुरुवातीला हे सोयीचं वाटतं, जरा मजेचंही. सोफ्यावर पडून बोलणारे रुग्ण येतात: एकीला सगळं ठरल्या क्रमानेच करावं लागतं, एकाला (स्तेफानो अक्कोर्सीने केलाय तो) लैंगिक व्यसन आहे, ऑस्करला आत्महत्येचे विचार येतात. जोव्हान्नी शांतपणे ऐकतो. मनोविश्लेषकाचं काम म्हणजे रुग्णाचं बोलणं स्वतःमध्ये न मिसळता ऐकणं. दार लावलं की दवाखाना तिकडे, घर इकडे.

मुलगा गेल्यावर ते दार टिकत नाही. एका रुग्णासमोर त्याचे डोळे वाहायला लागतात. आणि ऑस्कर समोर येतो तेव्हा तर त्याला ऐकणं अशक्यच होतं, कारण याच्याच फोनमुळे तो त्या दिवशी बाहेर गेला होता. गंमत अशी नव्हे, व्यथा अशी, की मरायच्या गोष्टी करणाऱ्या ऑस्करला कर्करोग झाल्यावर जगायचं आहे. सिल्व्हियो ओरलान्दो ही भूमिका इतक्या साधेपणाने करतो, की त्याच्यावर रागावताही येत नाही.

काम सोडणं हा दुबळेपणा नाही. माझ्या मते तो जोव्हान्नीचा सगळ्यांत प्रामाणिक निर्णय आहे. ज्या माणसावर मनातून दोष ठेवलाय, त्याच्याकडून पैसे घेऊन त्याला बरं करण्याचं सोंग तो करत नाही.

आरिआन्ना नेमकी कोण? आणि सिनेमाचं नाव ‘खोली’ का?

सगळ्या सिनेमाची गाठ इथे आहे. आंद्रेआच्या नावे एक पत्र येतं. लिहिणारी मुलगी त्याला उन्हाळ्यात एका कॅम्पमध्ये भेटलेली, एकाच दिवसाची ओळख. तिच्या पत्रात प्रेम आहे, आणि तो गेलाय हे तिला माहीत नाही. घरात कोणालाच तिच्याबद्दल ठाऊक नव्हतं.

जोव्हान्नी तिला उत्तर लिहायला बसतो. कागदावर कागद जातात, पत्र होत नाही. लोकांना शब्द शोधून देणं हा ज्याचा धंदा, त्याला एक पत्र लिहिता येत नाही. शेवटी पाओला फोन करते. मुलगी भेटायला तयार होत नाही, तेव्हा पाओला कोसळते, कारण मुलाबद्दल नवीन काही कळण्याची ती एकच वाट होती.

मग एक दिवस आरिआन्ना स्वतःच दारात येते. तिच्याकडे आंद्रेआने पाठवलेले फोटो आहेत. त्याने ते स्वतःचेच, आपल्या खोलीत काढलेले. आई-वडील त्या खोलीत रोज जात होते, त्यांनीच ती लावलेली, आवरलेली. पण या फोटोंत दिसणारा मुलगा, एका मुलीला आवडावा म्हणून पोझ देणारा, त्यांनी कधी पाहिला नव्हता. आपल्या घरातली खोली त्यांना एका अनोळखी मुलीच्या हातातून बघायला मिळते.

कोणी गेलं की त्याच्याबद्दल आता नवं काही कळणार नाही, असं वाटतं. जे होतं तेवढंच पुरवून वापरायचं. इथे अचानक नवं काही हाती येतं. अण्णांच्या घरीही असं झालं होतं. वर्षभराने मुलाचा एक मित्र आला आणि बोलता बोलता म्हणाला, तो आम्हाला सुट्टीच्या दिवशी गणित शिकवायचा. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अण्णा त्या दिवशी त्या मित्राला तासभर सोडायला तयार नव्हते. दहा मिनिटांचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही.

आरिआन्नाबरोबर तो दुसरा मुलगा आहे. पाओलाला वाईट नाही वाटत?

क्षणभर वाटतंच, चेहऱ्यावर दिसतं. आरिआन्ना एका मित्राबरोबर हिचहायकिंग करत, म्हणजे वाटेत गाड्यांना हात दाखवून लिफ्ट घेत, फ्रान्सला निघाली आहे. तिचं आयुष्य पुढे चाललंय. ती शोक धरून बसलेली असती, तर या घराला तिचा काही उपयोग झाला नसता असं मला वाटतं.

शेवटी ते कुठून कुठे जातात?

जोव्हान्नी म्हणतो, तुम्हाला हायवेपर्यंत सोडतो. इरेनेही गाडीत आहे. तिथे पोचेपर्यंत आरिआन्ना आणि तिचा मित्र मागच्या सीटवर झोपून गेलेले असतात. झोपलेल्या मुलांना उठवायचं जिवावर येतं, म्हणून तो आणि पाओला पुढे जात राहतात. गेनोआ मागे पडतं. रात्र संपते आणि गाडी फ्रान्सच्या सीमेपाशी समुद्रकाठी पोचलेली असते. नकाशा काढून बघा: पूर्व किनाऱ्यावरून निघून इटली आडवी ओलांडून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. आई-वडिलांना खूप दिवसांनी कोणाच्या तरी मुलांसाठी जागायला मिळतं.

इरेने सकाळी जागी होते आणि तिला पहिली आठवण होते ती आपल्या सरावाची. एवढ्या लांब आलोय, सराव बुडाला! आणि आई-बाबा हसायला लागतात. दुःख संपलं म्हणून ते हसत नाहीत. मुलीची तक्रार इतकी रोजच्या जगण्यातली आहे, की हसूच येतं.

शेवटचं गाणं कुठलं?

इंग्रज संगीतकार ब्रायन ईनोचं ‘बाय धिस रिव्हर’, १९७७ सालचं. ते अचानक येत नाही. आधी जोव्हान्नी सीडीच्या दुकानात जातो आणि एका मुलाला भेट द्यायला काहीतरी सुचवा म्हणतो. दुकानदार त्याला हे गाणं ऐकवतो. गेलेल्या मुलासाठी बाप भेट घेतोय, आणि दुकानदाराला ते कळत नाही.

दुसरं गाणं चौघं गाडीत मोठ्याने म्हणतात, तेव्हा अजून काही झालेलं नसतं. ते कातेरिना काझेल्लीचं १९६८ मधलं गाजलेलं गाणं. मुखड्याचा अर्थ साधारण असा: आता मी तुझ्यासोबत राहत नाही. पहिल्यांदा बघताना ते कोणाला खटकत नाही.

मोरेत्ती आधी कसले सिनेमे करायचा?

बहुतेक आत्मचरित्राला जवळचे, राजकारणावर बोलणारे, विनोदी. १९९८ च्या ‘आप्रिले’मध्ये त्याने स्वतःच्या मुलाचा जन्म पडद्यावर आणला होता. त्याच्या लगेच पुढचा सिनेमा हा, ज्यात बाप मुलाला गमावतो. २०१२ मध्ये तो कानच्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता, आणि २०१५ मध्ये आईच्या मृत्यूवर त्याने वेगळा सिनेमा केला.

पुन्हा पाहताना कशाकडे लक्ष द्यावं?

सुरुवातीचा अर्धा तास. पहिल्या वेळी तो साधा, थोडा संथ वाटतो, आणि आपण ‘कधी काय घडतंय’ याची वाट बघतो. दुसऱ्या वेळी तोच अर्धा तास सोडवत नाही. नाश्त्याचं टेबल, इरेनेचा लॅटिनचा गृहपाठ, आंद्रेआ कसा दारातून डोकावतो. त्याला फारसे संवाद नाहीत, हे तेव्हाच लक्षात येतं.

आणि शेवटचा शॉट कुठून घेतलाय ते बघा. आरिआन्ना आणि तिच्या मित्राला घेऊन बस निघते. आतून, चालू बसच्या काचेतून, जोव्हान्नी, पाओला आणि इरेने किनाऱ्यावर दिसतात. एकमेकांना धरून उभे नाहीत, तीन वेगवेगळ्या दिशांनी, थोडं अंतर ठेवून चाललेत. गाणं चालू असतं, आणि बस पुढे जाते तसे ते लहान होत जातात.